अफरवतचा उतार आणि जबाबदारीचा प्रश्न

गुलमर्ग येथे २०२४ च्या फेब्रुवारीत 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा चालू असतानाच, २२ तारखेस, त्याच डोंगराच्या वरच्या अंगाला हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू मृत्युमुखी पडला. त्याच्या सोबत्यांना वाचवण्यात यश आले. आदल्या वर्षी, १ फेब्रुवारी २०२३ रोजी, अफरवत शिखराच्या हापतखुड भागात असाच हिमलोट कोसळून दोन पोलिश स्कीपटूंचा बळी गेला होता आणि एकोणीस परदेशी पाहुणे व दोन स्थानिक वाटाडे यांना तेथून सोडवून आणावे लागले होते. अशा घटनेनंतर जे व्हायचे ते ठरल्यासारखे होत असते. मृतांविषयी हळहळ व्यक्त होते, बचाव पथकांची योग्य ती प्रशंसा होते, आणि निसर्गाच्या कोपापुढे कोणाचे काय चालणार, असा समारोप करून सर्व जण आपापल्या कामाला लागतात. यातील हळहळ खरी असते आणि प्रशंसाही रास्त असते. तपासून पाहावयास हवा तो समारोप.

हिमस्खलनाला निसर्गाचा कोप म्हणणे काही वेळा बरोबर असतेही. २००५ सालच्या फेब्रुवारीत दक्षिण काश्मीरमधील वालटेंगू नाड या गावावर हिमलोट आले आणि दीडशेहून अधिक माणसे त्यांत गेली. ती आपल्या घरात होती. बर्फ पडत होते म्हणूनच ती घराबाहेर पडली नव्हती. त्यांच्या हातून काही चुकले असे कोणीही म्हणू शकणार नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९५१ च्या हिवाळ्यात अठ्ठ्याण्णव माणसे हिमस्खलनांत मेली, त्यांतही राहत्या घरात व गावात सापडलेली पुष्कळ होती. परंतु त्यानंतरच्या दशकांत त्या देशाने गावांच्या वरचे उतार लोखंडी अडसरांनी बांधून काढले, कोणत्या जागी घर बांधू द्यावयाचे नाही याचे नकाशे केले, रस्ते वेळीच बंद करण्याची शिस्त लावली. परिणाम असा झाला की, आज तेथे हिमस्खलनात मरणाऱ्यांपैकी बहुतेक सगळे लोक आखलेले उतार सोडून मोकळ्या डोंगरात स्वखुशीने गेलेले असतात. आणि अशा लोकांच्या अपघातांचा जो अभ्यास युरोपात व अमेरिकेत झाला आहे त्यातून निघालेला निष्कर्ष चकित करणारा आहे. दहापैकी नऊ वेळा हिमलोट सुटतो तो सापडलेल्या माणसाच्या, किंवा त्याच्याच बरोबरच्या कोणाच्या तरी वजनाने. म्हणजे बंदुकीचा चाप निसर्गाने ओढलेला नसतो. बंदूक मात्र त्याने भरून ठेवलेली असते.

ती कशी भरली जाते हे समजून घेण्याजोगे आहे. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला बर्फ म्हणजे एकजिनसी पांढरा ढीग वाटतो. प्रत्यक्षात हिवाळ्यातील उतारावरचे बर्फ हे चळत लावून ठेवल्यासारखे असते. प्रत्येक हिमवर्षावाचा एक थर, प्रत्येक वाऱ्याचा एक, मध्ये निरभ्र थंडीचे दिवस गेले असतील तर त्यांचाही एक. हे थर एकमेकांना कितपत धरून आहेत यावर सारे अवलंबून असते. सर्वांत दगाबाज थर तयार होतो तो बर्फ थोडे आणि थंडी कडक असली म्हणजे. जमिनीलगतचे बर्फ शून्य अंशाच्या आसपास असते, वरचे उणे दहा-पंधरा. अंतर थोडे आणि तपमानातील फरक मोठा, त्यामुळे आतली वाफ खालून वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांपासून सुटून साखरेच्या दाण्यांसारखे कोरडे व कोनेदार होतात. मुठीत घेतले तर त्यांचा गोळा होत नाही, बोटांतून सांडून जातात. या साखरेवर पुढे भरपूर बर्फ पडले आणि वाऱ्याने ते दाबून घट्ट केले, म्हणजे वर फरसबंदीच्या लादीसारखा सलग थर आणि खाली सुटे दाणे, अशी रचना सिद्ध होते. मग एका माणसाचे वजन पुरते. खालचा थर एका जागी मोडतो, ती मोड डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चोहीकडे पसरते आणि संपूर्ण लादी उतारावरून निसटते. माणूस तिच्या कडेला नसतो, मध्यावर असतो. पळण्याची भाषाच तेथे फोल ठरते.

२०२३-२४ च्या हिवाळ्यात गुलमर्गला काय झाले ते या संदर्भात आठवावे. चिल्लई कलान हा काश्मिरी थंडीचा सर्वांत कडक चाळीस दिवसांचा काळ जवळजवळ कोरडा गेला. जानेवारीत गुलमर्गचे मैदान उघडे पडल्याची छायाचित्रे देशभर छापून आली, स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या आणि हॉटेलवाल्यांनी कपाळाला हात लावला. जानेवारीच्या अखेरीस बर्फ आले, फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तर धो धो आले, आणि सगळीकडे आनंदीआनंद झाला. पातळ बर्फ, लांबलेली थंडी, त्यावर थोड्या दिवसांत मोठा हिमवर्षाव, हा क्रम हिमशास्त्राच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात धोक्याचे उदाहरण म्हणून दिलेला असतो. २२ फेब्रुवारीच्या त्या विशिष्ट उतारावर नेमका कोणता थर मोडला हे तो थर खणून पाहणाऱ्यांनाच ठाऊक असणार. पण ज्या आठवड्यात पर्यटन व्यवसायाला सर्वांत हायसे वाटत होते तोच आठवडा डोंगरात सर्वांत सांभाळून राहण्याचा होता, एवढे म्हणावयास हरकत नाही.

धोका कोठे असतो याबद्दलही सामान्य समजूत उलटी आहे. जेथे पाहून छाती दडपते त्या उभ्या कड्यावर बर्फ फार साठतच नाही, थोडे थोडे घसरून जाते. अगदी मंद उतारावर ते सुटत नाही. हिमलोट सुटतात ते प्रामुख्याने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर, आणि स्की करणाऱ्याला जे उतार सर्वांत मोहक वाटतात ते नेमके हेच. वाऱ्याच्या आडोशाची बाजू सुरक्षित, हीही तशीच एक भ्रामक कल्पना. वारा वरच्या बाजूचे बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला आणून टाकतो, आणि लादी तयार होते ती तेथेच. आणि उतारावर आधी कोणाच्या स्कीच्या रेघा उमटलेल्या आहेत, म्हणून तो निर्धोक, हा समज तर किती जणांच्या जिवावर उठला असेल! पहिल्या चार जणांच्या वाटेत बर्फाचा थर जाड होता, पाचव्याच्या वाटेत तो पातळ निघाला, इतक्यानेही होत्याचे नव्हते होते.

अशा हिमलोटाखाली माणूस गाडला गेला म्हणजे त्याच्याजवळ किती वेळ असतो? थांबलेले बर्फ काँक्रीटसारखे आवळून बसते, बोटही हलवता येत नाही. सापडलेल्यांपैकी काही जण आपटून, दगडाझाडांवर आदळून मरतात. बहुसंख्य गुदमरतात. आपलाच उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेऊन ते बेशुद्ध होतात. पूर्वी पहिली पंधरा मिनिटे आशेची मानली जात. स्वित्झर्लंडमधील १९८१ ते २०२० या चाळीस वर्षांच्या नोंदींवरून २०२४ साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला त्याने ही मुदत आणखी आखडली. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोक वाचतात, आणि अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण एकतीस टक्क्यांपर्यंत घसरते. श्रीनगर गुलमर्गपासून सुमारे पन्नास किलोमीटर. हेलिकॉप्टर सज्ज आहे, आकाश निरभ्र आहे आणि संदेश तत्काळ पोहोचला आहे असे गृहीत धरले तरी दहा मिनिटांच्या हिशेबात ते बसत नाही. खाली तळावर बसलेले कार्यतत्पर पथकही क्वचितच बसते. गाडल्या गेलेल्या माणसाला वाचवू शकतो तो फक्त त्याच्या शेजारी उभा असलेला आणि स्वतः न गाडला गेलेला सोबती.

यासाठी लागणारी साधने तीन. पहिले, अंगावर बांधावयाचे ट्रान्सीव्हर हे छोटे यंत्र, जे एरवी खुणेच्या लहरी सोडत राहते आणि प्रसंगी दुसऱ्याच्या लहरी शोधू लागते. जगभर ही यंत्रे ४५७ किलोहर्ट्झ या एकाच वारंवारितेवर चालतात, म्हणजे कोणत्याही देशाचा माणूस कोणत्याही देशाच्या माणसाला शोधू शकतो. दुसरे, माणूस किती खोल आहे हे टोचून पाहण्यासाठी घडीची लांब सळई. आणि तिसरे, फावडे. हे तिसरे साधन ऐकून लोकांना हसू येते. पण एक मीटर खोल गाडलेल्या माणसापर्यंत पोहोचण्यासाठी एक-दीड टन घट्ट बर्फ उपसावे लागते, आणि हाताने ते होत नाही. ही तिन्ही साधने प्रत्येकाजवळ हवीत, आणि ती वापरण्याचा सराव हवा. सरावाशिवाय ट्रान्सीव्हर म्हणजे गळ्यातला ताईत.

आता गुलमर्गचे जे वैशिष्ट्य आहे त्याकडे वळले पाहिजे. भारतीय स्की क्लबची स्थापना तेथे १९२७ साली इंग्रजांनी केली, तेव्हापासून पुढची कित्येक दशके अफरवतच्या माथ्यावरून खाली यावयाचे तर आधी पायी वर जावे लागे. वर जाण्याचे ते चार-पाच तास ही एक परीक्षाच असे. बर्फ पायाखाली पोकळ वाजते आहे काय, चालताना पृष्ठभागाला तडे जात आहेत काय, रात्रीतून शेजारचा एखादा उतार कोसळला आहे काय, हे सारे चढणाऱ्याला आपोआप दिसे व ऐकू येई. शिवाय ज्याच्यात चढण्याची ताकद नाही तो वर पोहोचतच नसे. केबल कारचा पहिला टप्पा १९९८ साली आणि दुसरा २००५ साली सुरू झाल्यावर ही परीक्षा रद्द झाली. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गात पाळण्यात बसलेला माणूस कोंगडोरीला पाळणा बदलून अर्ध्या तासाच्या आत चार हजार मीटरच्या आसपास उतरतो. डाव्या-उजव्या अंगाला मैलोगणती उतार पसरलेले असतात. त्यांतील मुख्य उतार तेथील पथक तपासते, गरज पडल्यास सुरुंग लावून तेथले साठलेले बर्फ मुद्दाम पाडते आणि मगच तो खुला करते. बाकीचा सारा डोंगर जसा आहे तसा असतो. पाळण्याचे तिकीट दोन्हींसाठी एकच.

केबल कार बांधली यात काही गैर झाले असे म्हणावयाचे नाही. तिने तंगमर्ग-गुलमर्ग परिसरातील हजारो कुटुंबांना हिवाळ्यात रोजगार दिला आणि अफरवतचे नाव जगाच्या स्की-नकाशावर नेले. २०२३ साली दहा लाखांहून अधिक पर्यटकांनी तिचा लाभ घेतला आणि तिचे उत्पन्न शंभर कोटी रुपयांच्या वर गेले. म्हणूनच प्रश्न विचारता येतो. जे शासन आपल्या यंत्राने माणसाला चार हजार मीटरवर नेऊन सोडते, त्याची जबाबदारी पाळण्याचे दार उघडताच संपते काय? चालत गेलेल्या गिर्यारोहकाला 'तुझा तू पाहून घे' असे सांगणे एक, आणि तिकीट फाडून वर नेलेल्याला तेच सांगणे दुसरे.

शासन काहीच सांगत नाही असे नाही. भारतात हिमस्खलनाचा शास्त्रीय अभ्यास नवा नाही. मनाली येथे १९६९ पासून संरक्षण खात्याची त्यासाठी स्वतंत्र संस्था होती, २०२० मध्ये ती चंडीगडच्या संरक्षण भू-माहितीविज्ञान संशोधन संस्थेत विलीन झाली. सीमेवरच्या चौक्या, रसदीचे रस्ते, खिंडी यांच्यासाठी या शास्त्रज्ञांनी केलेल्या कामाने किती जवानांचे प्राण वाचले असतील याची गणती होणार नाही. त्यांचे इशारे हिवाळ्यात नागरी प्रशासनामार्फत प्रसिद्धही होतात. परंतु ते ज्या स्वरूपात जनतेपर्यंत पोहोचतात ते पाहावे. अमुक जिल्ह्यात अमुक मीटरच्या वर पुढील चोवीस तासांत धोका जास्त, तरी नागरिकांनी हिमस्खलनप्रवण भागात जाऊ नये. बारामुल्ला जिल्ह्यातील शेतकऱ्याला किंवा ट्रकचालकाला या सूचनेचा उपयोग आहे. कोंगडोरीला स्की बांधत असलेल्या माणसाला मात्र उत्तरेकडचा उतार टाळावा की पूर्वेकडचा, धोका ताज्या बर्फाचा आहे की वाऱ्याने दाबलेल्या लादीचा की तळाच्या सुट्या दाण्यांचा, दुपारी ऊन चढल्यावर तो वाढणार आहे काय, हे हवे असते. दावोसची संस्था १९४५ पासून असे पत्रक काढीत आली आहे. आज ते हिवाळ्यात दिवसातून दोनदा निघते, त्यासाठी डोंगराडोंगरांतून सुमारे दोनशे प्रशिक्षित निरीक्षक माहिती पाठवीत असतात, आणि त्यात धोक्याची पायरी, उंची, उताराची दिशा व धोक्याचा प्रकार, हे चारही सांगितलेले असते. सबंध हिमालयासाठी असे करणे आज अशक्य आहे हे मान्य. एका अफरवतसाठी ते अशक्य आहे काय?

तथापि पत्रक निघाले म्हणजे अपघात थांबले, असे मानणे भाबडेपणाचे होईल. युरोपात १९९३ पासून धोक्याच्या पाच पायऱ्या ठरलेल्या आहेत. सर्वांत जास्त माणसे मरतात ती पाचव्या वा चौथ्या पायरीच्या दिवशी नव्हे. त्या दिवशी कोणी फारसे बाहेरच पडत नाही. ती मरतात तिसऱ्या पायरीच्या दिवशी. आकाश निळे असते, बर्फ ताजे असते, धोका आहेही आणि नाहीही अशी स्थिती असते, आणि माणूस आपल्याला हवे ते उत्तर काढून मोकळा होतो. इयान मॅकॅमन या अमेरिकन अभ्यासकाने २००४ च्या सुमारास आपल्या देशातील सातशेहून अधिक अपघातांचा छडा लावला. बहुतेक ठिकाणी धोक्याच्या खुणा ढळढळीत दिसत होत्या आणि गटात शिकलेली माणसेही होती. मग गोते कोठे खाल्ले? उतार ओळखीचा होता. इतक्या लांब आलो तर माघारी कसे जायचे, असे वाटले. गटातला जो सर्वांत अनुभवी समजला जाई त्याच्यावर सर्वांनी भार टाकला. दुसरा गट आपल्या आधी कोरे बर्फ तुडवील अशी घाई झाली. ही कारणे वाचताना हिमशास्त्राची गरज पडत नाही. लग्नाच्या बैठकीपासून विधिमंडळापर्यंत कोठेही ती लागू पडतात. फरक इतकाच की डोंगरात चूक दुरुस्त करावयास वेळ मिळत नाही.

शिक्षणाने माणूस अभेद्य होत नाही याचा याहून हृदयद्रावक पुरावा गुलमर्गनेच दिला आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी खिलनमर्ग येथे हिमस्खलन झाले आणि लष्कराच्या उच्च पर्वतीय युद्धशाळेच्या प्रशिक्षणासाठी आलेले एका अधिकाऱ्यासह सतरा जण त्यात गेले. भारतात बर्फावर वागण्याचे शिक्षण देणारी याहून जाणती संस्था दाखवता येणार नाही. उत्तरकाशीच्या गिर्यारोहण संस्थेच्या प्रगत अभ्यासक्रमातील एकोणतीस जण ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर हिमस्खलनात सापडून गेले, तेही शिकणारे आणि शिकवणारेच होते. या उदाहरणांवरून शिक्षण व्यर्थ आहे असा अर्थ काढणे मूर्खपणाचे. मात्र ज्या पर्वताने अशा माणसांचीही गय केली नाही, तेथे दोन आठवड्यांचा स्कीचा वर्ग केलेल्या हौशी माणसाने कोणत्या भरवशावर जावे, हा विचार प्रत्येकाच्या मनात यावयास हवा.

आणि येथे या साऱ्या प्रकरणातील सर्वांत दुबळा घटक समोर येतो, तो म्हणजे स्थानिक वाटाड्या. अर्धी पृथ्वी ओलांडून आलेला पाहुणा आठ-दहा दिवसांसाठी आलेला असतो. त्यातले चार दिवस वादळात जातात. पाचव्या दिवशी ऊन पडते आणि समोर कोरा उतार चमकू लागतो. हिमवर्षावानंतरचा हा पहिला निरभ्र दिवस सर्वांत मोहाचा, आणि धोक्याचाही बहुधा तोच. वाटाड्याला आज नको असे वाटत असेलही, पण त्याने नाही म्हटले तर पाहुणा दुसरा वाटाड्या शोधणार, आणि हिवाळा तर अडीच-तीन महिन्यांचा. वर्षाची मिळकत त्यातच करावयाची. ट्रान्सीव्हरसह त्या तीन साधनांच्या संचाला कित्येक दिवसांची कमाई मोजावी लागते. पाहुण्याच्या अंगावर दोन-तीन लाखांची सामग्री आणि त्याला वाट दाखविणाऱ्याजवळ उसनी आणलेली वा मुळीच नाही, ही विषमता केवळ अन्यायाची म्हणून सोडून देता येत नाही, कारण दहा मिनिटांच्या हिशेबात पाहुण्याला वाचवणारा हाच वाटाड्या असतो. नाही म्हणण्याचा अधिकार त्याला द्यावयाचा असेल तर त्या नकाराला कसला तरी आधार हवा. सकाळी लागलेल्या अधिकृत फलकावर 'पूर्वेकडचे उतार आज वर्ज्य' असे लिहिलेले असेल तर तोच आधार होतो. मग नकार वाटाड्याचा राहत नाही, डोंगराचा होतो, आणि शेजारचा वाटाड्याही तो सहजी मोडू शकत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, हा श्रीमंत परदेशी लोकांचा शौक, त्यासाठी सरकारने पैसा का खर्चावा? याचे उत्तर केबल कारच्या जमाखर्चात आहे. शिवाय अपघात झाला म्हणजे जीव धोक्यात घालून त्या अस्थिर उतारावर जावे लागते ते स्थानिक पथकांना आणि पोलिसांना, ते काही शौकासाठी जात नाहीत. दुसरा आक्षेप अधिक सोयीचा आहे, म्हणून अधिक घातक. एवढा धोका असेल तर मुख्य उताराबाहेर जाण्यास सरसकट बंदीच घालावी! आपल्या प्रशासनाला बंदीचे वेड आहे. तिला खर्च येत नाही आणि अपघात झाल्यावर 'आम्ही मनाई केली होती' असे म्हणता येते. पण कित्येक मैल पसरलेल्या त्या डोंगरावर बंदी राबवणार कोण? लोक जातील, फक्त चोरून जातील, कोणाला न सांगता जातील, आणि गाडले गेले तर कोठे शोधावयाचे हेही कळणार नाही. मोकळ्या डोंगरात जाणाऱ्याचा धोका पत्करण्याचा हक्क मानला पाहिजे. मात्र काय पत्करतो आहोत हे त्याला आधी कळले असले पाहिजे.

हा प्रश्न महाराष्ट्राला वाटतो तितका दूरचा राहिलेला नाही. गुलमर्गच्या पाळण्यापुढील रांगेत मराठी बोलणे हमखास कानी पडते, आणि पुण्या-मुंबईची मुले भर हिवाळ्यात केदारकंठासारख्या बर्फाच्या वाटा चालू लागली त्यालाही बरीच वर्षे झाली. सह्याद्रीने त्यांना पाय दिले, दम दिला, रात्री-अपरात्री कड्यावर शांत राहण्याची सवय दिली. बर्फाकडे पाहण्याचा डोळा तो देऊ शकत नाही. पावसाळ्यात घाटात दरड कोसळते तेव्हा ती सहसा वाटसरूच्या पावलाने कोसळत नाही, त्यामुळे 'आपल्या नशिबात नसेल तर काही होणार नाही' ही वृत्ती येथे खपून जाते. तीच वृत्ती पस्तीस अंशांच्या भरलेल्या उतारावर नेली तर नशिबाला दोष देण्यास कोणी उरत नाही. हिमालयात हिवाळी मोहिमा नेणाऱ्या येथील संस्थांनी आपल्या मुलांना उताराचे अंश मोजणे, धोकादायक पट्टा एका वेळी एकानेच ओलांडणे आणि ट्रान्सीव्हरने शोध घेणे, एवढे तरी शिकवल्याशिवाय बर्फावर नेऊ नये. शोधाचा सराव सह्याद्रीच्या पठारावर गवतात यंत्र लपवूनही करता येतो, त्याला काश्मीर लागत नाही.

गुलमर्गपुरते बोलावयाचे तर करण्याजोग्या गोष्टी मोजक्या आणि माफक आहेत. हिवाळ्यात रोज सकाळी पाळणा सुटण्यापूर्वी, अफरवतच्या उतारांचे त्या दिवसाचे पत्रक, काश्मिरी-उर्दू-हिंदी-इंग्रजीत, तिकीट खिडकीवर आणि कोंगडोरीला लागले पाहिजे. ते लिहिणारे दोन-तीन पूर्णवेळ निरीक्षक तेथलेच असावेत, चंडीगडच्या शास्त्रज्ञांनी त्यांना शिकवावे, आणि पत्रक लिहिताना हॉटेले रिकामी आहेत की भरलेली याची चौकशी त्यांना कोणी करू नये. परवानाधारक प्रत्येक वाटाड्याला तिन्ही साधने केबल कारच्या उत्पन्नातून मिळावीत आणि दर मोसमाच्या आरंभी शोधाची परीक्षा उत्तीर्ण झाल्याखेरीज परवाना नवा होऊ नये. आल्प्समधील अनेक स्की-केंद्रांत वरच्या दाराशी एक साधे यंत्र बसवलेले असते. अंगावरचे ट्रान्सीव्हर चालू असेल तर जाणाऱ्यासाठी हिरवा दिवा लागतो, नसेल तर लाल. ते कोणाला अडवीत नाही. लाल दिव्यापुढून चालत जाणाऱ्याकडे मागच्या रांगेतले लोक पाहतात, एवढेच. अफरवतच्या वरच्या स्थानकाच्या दारावर असा एक दिवा येत्या हिवाळ्याआधी बसवावयास कोणत्याही समितीच्या अहवालाची वाट पाहावी लागणार नाही.